मालतीमावशींची रिकामी सीट

रविवारी सकाळी बडोद्यातल्या आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत शटल रिक्षावाल्याच्या थाटात आरोळी उठते, "चांदोद, चांदोद! एक सीट खाली!"

ओरडणाऱ्या असतात तळमजल्यावरच्या मालतीमावशी. एकट्या राहतात. शाळेत भूगोल शिकवायच्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि सरकारकडून एसटीचा मोफत पास मिळाला. त्याच पासावर सोबतीला एक माणूसही नेता येतो. "सरकारनं दिलेली सीट वाया घालवायची नाही," हे मावशींचं ठाम मत, म्हणून दर रविवारी नर्मदाकाठचं चांदोद.

सोबत्यानं झोपायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं. काय बघायचं ते मावशी सांगणार.

"डभोई गेलं ना? आता डावीकडे कापूस बघ."

"मावशी, इथं बंगले झालेत."

"मग बंगल्यांच्या मागं बघ!"

हळूहळू सगळ्यांचेच रविवार भरले. कुणाकडे पाहुणे, कुणाचं बीपी. समोरचे पटेलभाई तर आरोळी ऐकली की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

गेल्या रविवारी मी दूध आणायला निघालो आणि सापडलो.

"दिलीप, चपला तुझ्याच वाजतायत. चल, बेसी जा!"

बसमध्ये कंडक्टरनं पास पाहिला आणि सोबती कोण ते विचारलं. "साथे कोण छे, बा?"

"आ रह्यो ने!" म्हणत मावशींनी मला दंडाला धरून असं पुढं केलं, की आसपासच्या बायका नवरदेव बघावा तशा बघू लागल्या.

चांदोदला नर्मदेत पाय बुडवून झाले, भजी खाऊन झाली. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मावशी, पास तुम्हाला एकटीलाही चालतो ना? मग दर वेळी कुणाला तरी कशाला शोधता?"

"गेले होते की एकदा एकटी. कंडक्टरनं हेच विचारलं, साथे कोण छे? कुणी नाही, असं म्हणवेना रे. मी म्हटलं, मागं बसलेत. मग काय, थोडं तरी खरं वाटायला हवं, म्हणून मागं तोंड करून रस्ताभर बोलत राहिले. कापूस, एरंडी, सगळं दाखवलं."

"मागून काही उत्तर?"

"आलं ना! कोणीतरी म्हणालं, बा, जरा शांति राखो ने!"

त्या खूप हसल्या. मला हसता येईना.

मग मीच सांगायला लागलो. शेत, विटांची भट्टी, पाण्यात बसलेल्या म्हशी. बडोदं जवळ आलं तसा दमून जरा थांबलो, तर मावशींचा हात चाचपडत आला आणि माझ्या बाहीवर टेकला. मी आहे ना, तेवढं बघून हात मागं गेला.