चकली बोलली पाहिजे

आमच्या वसईच्या बिल्डिंगमधले परुळेकरकाका कुठलाही पदार्थ आधी ऐकायचे आणि मग खायचे. हसू नका. चकलीचा तुकडा दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे आणि एक बोट वर करायचे. त्या बोटाचा अर्थ, घरातल्यांनी पंखासुद्धा बंद करावा. मग कट्ट! बोट खाली. "बोलते," म्हणायचे, आणि करणारीचा जीव भांड्यात पडायचा.

त्यांचं म्हणणं असं, की चव जिभेला कळते हे अर्धंच खरं, उरलेली कानाला कळते. भाजलेला पापड ओरडतो, तळलेला हसतो, काकडी टाळी देते. खारी चहात बुडवून खाणाऱ्याला ते माणसांत धरत नसत. कुणी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, आणून दिली, तर एक खाऊन म्हणायचे, "गोड आहेत, पण मुकी गो!"

मी दिवाळीत चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायचे. काका "बोलते" म्हणाले, की अख्खी बिल्डिंग आपोआप माझ्याकडे यायची. आणि त्या वर्षी, पहिल्याच घाण्यातली चकली तोंडात धरून हा माणूस म्हणाला, "सादळलीय, शैले."

माझी चकली! सकाळी तळलेली, धड हवासुद्धा न लागलेली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि लगेच संशय आला. तिसऱ्या मजल्यावरच्या वैशालीनं त्याच वर्षी चकल्या विकायला सुरुवात केली होती, आणि ती काकांच्या दारात डबा घेऊन उभी असलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. म्हटलं, फितवला हिनं म्हाताऱ्याला. काकांचं दार आमच्या समोरच. दोन दिवस मी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी. पोळी करपली, पण जागा सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी वैशालीच फणफणत आली. "शैलाताई, काकांना माझ्याबद्दल काय सांगितलंत हो? माझी चकली सादळलेली म्हणतात!"

घ्या! ती माझ्यावर संशय घेत होती, आणि काका सगळ्या जगावर. वाण्यावर, खारीवाल्यावर, डब्याच्या झाकणावर, खाडीच्या हवेवर. "सगळे मेले मऊ माल खपवतात," म्हणायचे. इकडे माझ्या चार ऑर्डरी गेल्या. मग मला वाटलं, काकांना फुकटचा दुसरा डबा हवा असेल.

शेवटी ताजा घाणा ताटलीत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. काकू आत चहा टाकत होत्या. काकांनी डोळे मिटले, बोट वर केलं. मी चकली त्यांच्या कानाशी धरून मोडली. चांगली खटकन मोडली. काकांचं बोट वरच. ते अजून आवाजाची वाट बघत होते.

"अहो काका, मोडली की!"

त्यांनी डोळे उघडले. स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "तुझी चकली चांगलीच असणार गो. माझेच कान गेलेत. बारीक आवाज आधी जातात, म्हणाला डॉक्टर."

"मग सरळ 'बोलते' म्हणून मोकळं व्हायचं ना!"

"न ऐकता? कसं म्हणू?"

"आणि काकूंना माहीत आहे?"

"तिला सांगू नकोस. तुझं ऐकू येतं मला, तू ओरडतेस. तिचा आवाज बारीक. दिवसभर माझ्याशी बोलत असते, मी नुसती मान हलवतो. कळलं, तर मोठ्यानं बोलायला जाईल, दमेल, आणि मग हळूहळू गप्पच बसेल. ते नको गो."

तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "काय गं, कसलं भांडण चाललंय?"

जन्मात कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते मी बोलले. "भांडण कसलं, काकू? माझ्याच चकल्या सादळल्यात."

काकूंनी ताटलीतली एक उचलली आणि दातांनी तोडली. केवढा तो आवाज! चावता चावता त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग काकांच्या अगदी समोर जाऊन बसल्या, आपले ओठ त्यांना नीट दिसतील अशा, आणि एकेक शब्द सावकाश सोडत म्हणाल्या, "हो हो. सादळल्यात."