फ्रेंचटाउनची खडी

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि त्याच वेळी प्रतिमाच्या तोंडातून 'टाउन' हा शब्द बाहेर पडला. शिट्टी मोठी होती. शब्द तिच्यात वाहून गेला.

फोनवर पलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या लता देवस्थळी होत्या. मराठी मंडळाच्या कोजागिरीला खुर्च्या मांडायला माणसं हवी होती, म्हणून त्यांनी जगन्नाथ खांबेट्यांना विचारायला पिस्कॅटवेला फोन केला होता.

"अगं, ते सकाळीच गेले," त्यांची बायको प्रतिमा सांगत होती. "सायकल चालवायला. फ्रेंच..." इथे शिट्टी झाली. "खेड्यापाड्यांतून खडीचे रस्ते आहेत म्हणे. गर्दी नाही, गाड्या नाहीत. डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलंय ना."

"फ्रेंच खेड्यांत?" लता म्हणाल्या. "म्हणजे, जगन्नाथ भाऊजी फ्रान्सला गेलेत? सायकल चालवायला?"

प्रतिमा 'नाही' म्हणणारच होती. फ्रेंचटाउन हे न्यू जर्सीतलंच, नदीकाठचं एक गाव होतं. पिस्कॅटवेहून गाडीनं तासाभरावर. तेवढं सांगितलं असतं तर हा विषय तिथेच संपला असता. पण फोनवर एकदम शांतता पसरली. एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात लता स्वित्झर्लंडला जाऊन आल्या होत्या. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली, तरी बारशापासून डोहाळजेवणापर्यंत प्रत्येक कार्यक्रमात त्या बर्फाविषयी बोलत. त्या आज, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच, गप्प झाल्या होत्या. प्रतिमाला ती शांतता फार गोड लागली.

"आठवडाभर," ती म्हणाली आणि गॅस बंद केला.

संध्याकाळी जगन्नाथ घरी आला. गुडघ्यापर्यंत धूळ, चेहरा टोमॅटोसारखा लाल. "काय सुंदर रस्ता आहे गं!" असं म्हणत तो बूट काढतो न काढतो तोच प्रतिमाने पडदे ओढून घेतले.

"तुम्ही शनिवारपर्यंत फ्रान्समध्ये आहात," ती म्हणाली.

सगळं ऐकल्यावर जगन्नाथ खुर्चीत बसला. तो सरळमार्गी माणूस होता. खोटं बोलताना, ऐकतानाही, त्याला शिंका येत. "अगं, लगेच फोन करून सांग ना की ऐकण्यात चूक झाली."

"सांगणारच होते. पण तेवढ्यात सुलेखाचा फोन आला, मग नंदूच्या बायकोचा. लतानं गावभर केलंय. आता सांगितलं तर मी मुद्दाम फुशारकी मारली असं होईल."

"मग तू काय मारलीस?"

"मी गप्प बसले. त्यात काय फुशारकी?"

जगन्नाथचं ऑफिस मराठी वस्तीपासून लांब होतं, म्हणून नोकरी तरी सुरक्षित होती. बाकी सगळ्यावर बंदी आली. इंडियन ग्रोसरीत जायचं नाही, फोन उचलायचा नाही, गाडी गराजमध्ये, ऑफिसला बसनं. मंगळवारी तो ऑफिसातून लवकर आला आणि चहा घेत वरच्या खोलीत बसला होता, तेव्हा खाली लॉनमोवर सुरू झाल्याचा आवाज आला. त्याने पडदा बोटभर बाजूला केला. लताचा नवरा विवेक खांबेट्यांच्या अंगणातलं गवत कापत होता.

"वहिनी, तुम्ही एकट्या आहात, म्हटलं तेवढंच करून द्यावं!" विवेक मशीनच्या वरताण ओरडला.

विवेक मनाने चांगला होता, पण गवत आणि झाड यांत तो फरक करत नसे. जगन्नाथने मेपासून जिवापाड जपलेल्या मिरच्यांकडे मोवर निघाला. वर काचेमागे जगन्नाथ दोन्ही हात हलवू लागला. मग आपण फ्रान्समध्ये आहोत हे आठवून त्याने ते खाली घेतले. मिरच्या गेल्या. त्यांच्यामागून अळूही गेलं.

गवत झाल्यावर विवेकने आपला मोवर स्टेशन वॅगनमध्ये चढवला आणि केरसुणी मागायला गराजमध्ये डोकावला. "सायकल इथेच? आणि गाडीपण?"

"गाडीनं मीच एअरपोर्टला सोडलं," प्रतिमा म्हणाली. "सायकली तिकडे भाड्यानं मिळतात."

वरून एक जोरदार शिंक ऐकू आली.

"टीव्ही," प्रतिमा म्हणाली.

विवेकचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला. जाता जाता त्याने आनंदाची बातमी दिली. कोजागिरीचा गाणारा आजारी पडला होता. त्याच्या जागी कमिटीने जगन्नाथचा स्लाइड शो ठरवला होता. 'फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलवर'. पत्रकं छापायला गेलीसुद्धा.

शनिवारी पहाटे नवराबायको कॅमेरा घेऊन फ्रेंचटाउनला निघाले. प्रतिमा तिथे पहिल्यांदाच येत होती. गाव मागे पडलं, डांबर संपलं आणि टायरखाली खडी करकरू लागली. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती, पुढे दगडी घर, त्याच्या कुंपणाशी चारपाच गाई, आणि झाडांनी नुकता कुठे रंग बदलायला घेतला होता.

"अगंबाई," प्रतिमा म्हणाली आणि तिने गाडीची काच खाली केली.

मग कामाला लागली. फोटोत मेलबॉक्स येऊ द्यायचा नाही, पिकअप ट्रक येऊ द्यायचा नाही. एका पोर्चवर अमेरिकन झेंडा होता, तो झाडाआड जाईपर्यंत ती शेतात मागे मागे सरकत गेली आणि शेणात उभी राहिली. जगन्नाथला दगडी घराजवळच्या त्याच वळणावरून तिने इतक्या वेळा सायकल चालवायला लावली की गाईंनी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं.

"हसा जरा! फ्रान्समध्ये आहात."

"माझ्या पायात गोळा आलाय."

"मग तसंच ठेवा तोंड. दमलेलं दिसतं, खरं वाटेल."

कोजागिरीला चर्चचा हॉल भरला होता. आटीव दूध बाहेर उकळत होतं, आत दिवे मालवले गेले आणि पडद्यावर पहिली स्लाइड आली. खडीचा पांढरट रस्ता, धुकं, आणि लांबवर एक सायकलवाला. हॉलमधून "वाऽ" असा एकच आवाज निघाला. प्रतिमाने ताठ बसून पदर सारखा केला. मागच्या रांगेत लता देवस्थळी शालीत गुरफटून बसल्या होत्या.

जगन्नाथने ठरवलं होतं की एकही खोटं वाक्य बोलायचं नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.

"भाषेची पंचाईत नाही का झाली?" नंदू फणसेने विचारलं. त्याला शंका फार असत.

"नाही. सगळे इंग्लिश बोलतात. अगदी इथल्यासारखं."

"आणि म्हणे फ्रेंच माणूस इंग्लिश बोलत नाही! खाण्यापिण्याचं काय?"

"घरून पराठे नेले होते."

"फ्रान्समध्ये पराठे!" लोक खूश झाले. "याला म्हणतात मराठी माणूस!"

"जेट लॅग?"

"अजिबात नाही झाला."

"सायकलमुळे," विवेक शेजाऱ्याला म्हणाला. "रक्ताभिसरण."

शेवटची स्लाइड झाली, टाळ्या थांबेनात, आणि लता उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "भाऊजी, आम्ही स्वित्झर्लंडला बसच्या काचेतून बर्फ बघितला. खरा देश तुम्ही बघितलात. कमिटीनं आत्ताच ठरवलंय. येत्या जूनमध्ये आपण वीस जण तिथेच जायचं. तुम्ही पुढे, आम्ही मागे. सोमवारी एजंटकडे ॲडव्हान्स भरतोय."

हॉलमध्ये जल्लोष झाला. जगन्नाथला एकामागून एक शिंका आल्या. त्या संपल्यावर त्याने प्रतिमाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. लताच्या डोळ्यांतलं पाणी तिनेही पाहिलं होतं. तिने हळूच होकाराची मान हलवली.

"हे फ्रान्स नाही," जगन्नाथ म्हणाला. "फ्रेंचटाउन आहे. न्यू जर्सी. इथून तासाभरावर. ऐकण्यात चूक झाली आणि आम्ही ती दुरुस्त केली नाही. माफ करा."

आधी नंदू हसला. मग सगळा हॉल हसला.

"काय यार, जगन्नाथ!" विवेक डोळे पुसत म्हणाला. "गाइड व्हायचं नाही तर सरळ नाही म्हण ना! अकरा वर्षं जर्सीत ड्राइव्ह करतोय मी. इथे टर्नपाइकचा हायवे आहे, मॉल आहेत, रिफायनरी आहे. असलं कुठे असतं?"

"शप्पथ सांगतो!"

"अहो, खरंच," प्रतिमाही उभी राहिली. "लता, फोनवर कुकरची शिट्टी झाली बघ..."

"कुकरची शिट्टी!" हॉलमध्ये पुन्हा हशा पिकला. लताही हसल्या. नवराबायकोंनी मिळून काय बसवलंय, असं कोणीतरी कौतुकानं म्हणालं.

"रविवारी चला," जगन्नाथ चिडून म्हणाला. "सगळे चला. ॲडव्हान्स भरायच्या आधी. दाखवतो."

रविवारी फ्रेंचटाउनबाहेरच्या खडीवर गाड्यांची रांग लागली. साड्या, स्वेटर, चिवड्याचे डबे, चहाचे थर्मास खाली उतरले. जगन्नाथ सगळ्यांना थेट वळणावर घेऊन गेला. मका तोच होता. दगडी घर तेच होतं. गाईसुद्धा त्याच होत्या, त्यांनी जगन्नाथला पाहून तोंड फिरवलं.

"बघा!" तो म्हणाला.

सगळ्यांनी पाहिलं. नंदूने डोळे बारीक करून घर न्याहाळलं. विवेकने वाकून मूठभर खडी उचलली, हातात खेळवली आणि खाली टाकली.

"साधारण तसंच आहे," तो म्हणाला. "पण खडी बघ ना. तिथली कशी बारीक, एकसारखी होती."

"हेच घर आहे ते!" जगन्नाथ ओरडला.

"असेल त्याच पद्धतीचं," नंदू समजुतीनं म्हणाला. "फ्रेंच लोकांनीच बांधलं असणार. म्हणून तर गावाला नाव."

लता कुंपणाशी उभ्या राहून बराच वेळ शेताकडे बघत होत्या. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "छान आहे हो. पण ती मजा नाही. तिथली हवाच वेगळी असणार."

जगन्नाथने प्रतिमाकडे पाहिलं. ती थर्मासमधून चहा ओतत होती. आता तीच एक साक्षीदार उरली होती.

प्रतिमाने घराकडे पाहिलं, गाईंकडे पाहिलं, पांढरट रस्त्याकडे पाहिलं. हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "मलासुद्धा स्लाइडमध्येच जास्त आवडलं होतं."

सोमवारी वीस जणांचा ॲडव्हान्स भरला गेला.