सैल दोरीचे धोरण

आमच्या इमारतीत कुत्रा पाळायला बंदी नाही. कुत्र्याने माणसाला ओढायला आहे. हा नियम आमच्या कुत्र्यामुळे झाला, हे मी अभिमानाने सांगत नाही. पण सगळ्या इमारतीला ठाऊक असलेली गोष्ट लपवून तरी काय उपयोग.

कुत्र्याचे नाव इंजिन. ते आईने ठेवले. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी अडकवली की तो मान खाली घालून असा काही जोर लावायचा, की मागच्या माणसाला स्वतःची अशी वेगळी दिशा उरत नसे. दोरी आईच्या हाती असली तर बेताने ओढायचा. माझ्या हाती आली की मागच्या जन्मीचे वैर असल्यासारखा.

बाबा गेल्यापासून आई खिडकीशी बसून असायची. गुडघे कुरकुरत होते, पण खरे कारण ते नव्हते. जरा बाहेर पड म्हटले की, "कुठं जाऊ आणि कशाला जाऊ?" म्हणायची. इंजिन घरी आला आणि हे दोन्ही प्रश्न त्याने आपल्याकडे घेतले. रोज सकाळी तो तिला चढावरून बागेपर्यंत नेऊ लागला. तिथल्या बाकावर तिला मैत्रिणी मिळाल्या, मैत्रिणींना सुनांबद्दल बोलायला नवे कान मिळाले. "आयुष्यभर मला ढकलणारे पुष्कळ भेटले," आई म्हणायची, "ओढून नेणारा हा एकच."

एका रविवारी दोरी माझ्या हाती होती. इमारतीच्या फाटकाला नुकताच हिरवा रंग दिला होता आणि रंग नीट बसला आहे की नाही ते अध्यक्ष वाकून पाहत होते. फाटकापलीकडून मांजर गेले. मग इंजिन गेला, त्याच्यामागे मी गेलो आणि वाटेत अध्यक्ष आले. त्यांना सोडवून घेतले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर फाटकाचे गज जसेच्या तसे उमटले होते, आणि फाटकावर थोडेसे अध्यक्ष.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली.

"प्रश्न सदऱ्याचा नाही," सेक्रेटरी म्हणाले. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

"सदऱ्याचाही आहे," अध्यक्ष म्हणाले.

असभ्य कुत्रा कोणता, याची व्याख्या करणे आले. बरीच चर्चा होऊन ठरले की, दोरी ताणलेली असणे म्हणजे असभ्यता आणि सैल असणे म्हणजे सभ्यता. मी एक शंका काढली. "दोरीला दोन टोकं असतात. दुसऱ्या टोकाने ओढलं तर?"

"दुसऱ्या टोकाला सभासद असतो," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "सभासद ओढत नाहीत, असं आपण गृहीत धरून चालतो."

तीन महिन्यांनी समितीसमोर इंजिनाची चाचणी घ्यायची, दोरी ताणली गेली तर त्याने इमारत सोडायची, असा ठराव एकमताने संमत झाला. घरी येऊन मी तो आईला सांगितला. ती इंजिनाचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "तो गेला तर माझी खुर्ची परत खिडकीशी सरकवून ठेव."

दुसऱ्याच दिवशी मी कुत्र्यांना चालायला शिकवणाऱ्या बाई बोलावल्या. त्यांचे सगळे खिसे बिस्किटांनी भरलेले होते आणि बोलणे मोजके होते.

"तो ओढायला लागला की तुम्ही खांब व्हायचं. ओरडायचं नाही, चिडायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. दोरी सैल झाली की एक बिस्किट आणि दोन पावलं पुढे. पुन्हा ओढलं, पुन्हा खांब."

मी खांब झालो. इंजिनाने ओढले, कण्हून पाहिले, भुंकून पाहिले, रस्त्यावर अंग टाकले. मी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीकडे पाहत राहिलो. शेवटी त्याने वळून माझ्या तोंडाकडे पाहिले आणि दोरी सैल झाली. बाई थक्क होऊन बघत होत्या.

"लोकांना हे जमायला आठवडे लागतात. तुम्ही आधी कुठं शिकलात?"

"नोकरीत," मी म्हणालो.

मी एका कार्यालयात चौकशीच्या खिडकीत बसतो. आमच्याकडे पहिल्यापासून हीच पद्धत आहे. माणूस खिडकीशी येऊन "माझ्या कामाचं काय झालं?" म्हणून जोर लावू लागला की आम्ही थांबतो. तो जितका ओढेल तितके आम्ही घट्ट. थकून भागून तो "बरं, सावकाश होऊ द्या" म्हणाला की त्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. कित्येक वर्षांच्या या अनुभवात फक्त बिस्किटाची कल्पना तेवढी आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

ही उणीव मी साहेबांच्या कानावर घातली. साहेब नव्या विचारांचे आहेत. आठवड्याच्या आत 'सैल दोरीचे धोरण' लागू झाले आणि माझ्या खिडकीत बिस्किटांची बशी आली. ज्यांनी आवाज चढवला नाही त्यांना एक बिस्किट. ज्यांनी 'कधी' हा शब्दच वापरला नाही त्यांना क्रीमचे. सुरुवातीला काही लोक संतापले. ते संतापलेलेच परत गेले आणि पुढच्या खेपेला जरा खालच्या पट्टीत बोलले. एक निवृत्त मास्तर दर सोमवारी येऊन खिडकीच्या फळीवर मूठ आपटत असत. ते आता हात मागे बांधून उभे राहू लागले. शेजारच्याने त्यांना विचारले, "झालं का काम?"

"काम नाही झालं," मास्तर म्हणाले, "पण माणसं फार सुधारली हो."

तक्रारी थांबल्या. कार्यालयाला आदर्श सेवेची ढाल मिळाली. कामे होती तिथेच होती, पण ती पुढे ओढणारे आता कोणी उरले नव्हते. साहेबांनी भाषणात माझा उल्लेख केला आणि माझी मान ताठ झाली. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी त्या समारंभाला आले होते. ते पहिल्या रांगेत बसून फार लक्षपूर्वक ऐकत होते, हे मला तेव्हा कौतुकाचे वाटले.

चाचणीचा दिवस उजाडला. अध्यक्षांनी नवा सदरा घालून, मी दिलेली बिस्किटे खिशात ठेवून दोरी हाती घेतली. फाटकावर तेच मांजर बसले होते. आई श्वास रोखून उभी. इंजिनाने मांजराकडे पाहिले, मग अध्यक्षांच्या खिशाकडे पाहिले आणि तो मान वर करून, पायाला पाय लावून चालू लागला. दोरी रिकाम्या झोक्यासारखी लोंबत होती. टाळ्या पडल्या. आईने पदराने डोळे टिपले. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

"चल रे बाळा, बागेत," आईने दोरी घेतली.

इंजिन तिच्या शेजारी उभा राहिला. आई त्याची वाट पाहत होती, तो आईची. थोड्या वेळाने त्याने तिच्या हाताकडे पाहिले. हातात बिस्किट नव्हते, म्हणून तो खाली बसला. चढ समोरच होता. आईने एकदा चढाकडे पाहिले, गुडघ्यावर हात ठेवला आणि दोघे परत आले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी तिने खुर्ची स्वतःच खिडकीशी सरकवली. इंजिन तिच्या पायाशी बसला. दोघेही अतिशय सभ्य दिसत होते.

"शहाणा केलास त्याला," आई म्हणाली. "आता मला कोण नेणार?"

"मी नेतो ना."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तू? तू तर खांब."

मी प्रशिक्षक बाईंना फोन केला. त्याला पुन्हा थोडेसे ओढायला शिकवता येईल का, असे विचारले. "असं कुणी कधी मागितलंच नाही," त्या म्हणाल्या. "आणि शिकवलं तरी तुमची समिती चालू देईल का?"

म्हणून मी सेक्रेटरींकडे गेलो. इंजिनाला फक्त आईला, फक्त चढापुरते ओढायची परवानगी द्यावी, इतकीच माझी मागणी होती.

"विचार करू," सेक्रेटरी म्हणाले.

"कधी?"

त्यांनी पेन खाली ठेवले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीकडे पाहू लागले.

"अहो, तिचे पाय आखडत चाललेत!" मी म्हणालो. "बागेतल्या बायका विचारायला येतात, ती दार उघडत नाही. एका कुत्र्याने थोडं ओढलं तर कुणाचं काय बिघडतं?"

ते ओरडले नाहीत, चिडले नाहीत. मी टेबलावर मूठ आपटली. त्यांची पापणीही लवली नाही. ती नजर माझ्या चांगल्याच ओळखीची होती. माझा सगळा संसार त्या नजरेवर उभा आहे. ती किती वेळ टिकते तेही मला ठाऊक होते. हळूहळू माझा हात टेबलावरून आपोआप खाली आला.

"बरं," मी म्हणालो, "सावकाश होऊ द्या."

सेक्रेटरींनी पेन उचलले. मग टेबलाच्या खणातून एक बशी काढून माझ्यापुढे सरकवली. बिस्किट क्रीमचे होते, मी 'कधी' म्हणालो होतो तरीही.

मी खाल्ले. खोटे कशाला सांगू, बरे लागले. अर्धे खिशात घालून घरी नेले, इंजिनासाठी. त्याने ते फार अदबीने घेतले आणि आम्ही तिघे खिडकीशी बसून चढाकडे पाहत राहिलो.

तुम्हाला हसू आले असेल. येऊ द्या. पण कुठल्या तरी टेबलावर तुमचाही एखादा कागद पडून असेलच. त्याचे काय झाले, हे तुम्ही आवाज चढवून शेवटचे केव्हा विचारलेत? आठवत नाही ना? हरकत नाही. इथवर एकदाही न ओढता आलात, गुणी आहात. हात पुढे करा.