शिवऱ्याच्या यास्मिनची अठरा सेकंदांची मोहीम

शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानु संवत्सर, मार्गशीर्ष मास, वार शनिवार, ते दिवशी भोरमुक्कामी कॉलेजच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलची जी चपळाईची चाचणी जाहली, तिचे साद्यंत वर्तमान, जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता लिहिले आहे.

शिवरे येथे हायवेलगत पंक्चरच्या दुकानाचे धनी अल्ताफभाई. त्यांची कन्या यास्मिन, उमर पंधरा, डाव्या पायाची जबरदस्त. जिल्ह्याच्या संघात शिरावे हा तिचा मनसुबा, आणि अल्ताफभाईंचा मनसुबा बरोब्बर उलटा. मग घरात मोठे जाबसाल जाहले आणि अखेर तह ठरला, तो ऐसा की, निवड झाली तर खेळावे. न झाली तर बूट चुलतबहिणीस देऊन सोमवारपासून शिलाईच्या क्लासास रुजू व्हावे. तहावर अम्मीची साक्ष. आणि मग खासा अल्ताफभाई टेम्पो घेऊन मैदानी दाखल जाहले, ते लेकीच्या कुमकेस नव्हे, तर तिला घेऊन परतण्यास.

निवडीचे मुखत्यार सोमनाथ सर पुण्याहून आले. गळ्यात शिट्टी, हाती स्टॉपवॉच, मुद्रा कठोर. त्यांचे फर्मान सुटले की, दहा मीटर लांब नि पाच मीटर रुंद चौकोन आखावा, मधोमध रांगेत चार बाटल्या ठेवाव्या. पोरींनी पालथे पडून राहावे, शिट्टी होताच उठावे आणि एका कडेने जावे, यावे, मग बाटल्यांतून नागमोडी जावे, यावे, आणि मग दुसऱ्या कडेने जावे, यावे. अठरा सेकंदांच्या आत येईल ती संघात. बाकीच्यांनी सुखरूप घरी जावे.

आखणीचे काम शिपाई रखमाजींकडे. त्यांनी आधी तीस वर्षे शेतांच्या मोजणीत साखळी ओढलेली. टेप धरला, चुन्याची फक्की टाकली आणि म्हणाले, "सायेब, बिनघोर ऱ्हावा. म्या अख्खा तालुका मोजलाय."

मग शिट्टी जाहली आणि फौजेची जी दाणादाण उडाली ती काय सांगावी! कोणी वीस, कोणी साडेएकोणीस. भाटघरची स्नेहल, वाऱ्यासारखी पोर, तीही एकोणीस. मग यास्मिन उठली आणि बाटल्यांतून ऐसी सुटली की एक बाटली हलली नाही. घड्याळ म्हणाले, साडेअठरा. सरांनी नावावर लाल रेघ मारली.

अल्ताफभाई म्हणाले, "चल बेटा. पळून झालं ना मनासारखं?"

यास्मिन हलेना. "अब्बा, घरी टायर मांडून मी साडेसतरात येते. हितंच काय झालं?"

ऐसियास स्नेहलची आई फुलाबाई, भाकरीचे फडके सोडून बसली होती, ती तशीच उठली आणि भर दरबारी बोलली, "मगाधरनं बगतीया. ह्यो चौकोन हाय व्हय? ह्यो गुंठा हाय! माजं भाताचं खाचर एवढंच हाय."

रखमाजी उसळले. "दहा मीटर म्हंजे तेहतीस फूट. बराबर हाय!"

"लांबी बराबर. आन् रुंदी?"

सरांनी खुद्द टेप लावला. रुंदीही तेहतीस फूट, म्हणजे पुरता एक गुंठा. तीस वर्षांची सवय ती. एका बाजूस तेहतीस पडले की दुसऱ्या बाजूस हात आपोआप तेहतीसच टाकतो. दुप्पट रुंद मैदानात पोरी सकाळपासून पळत होत्या.

"हात वळला बगा गुंठ्याकडं," रखमाजी खाली बघून म्हणाले.

"दादा, पोरी पळवायच्या हुत्या," फुलाबाई म्हणाली, "सातबारा न्हवता काढायचा!"

मग फर्मान सुटले की चौकोन नवा आखावा आणि सर्वांनी पुन्हा एकवार पळावे, एकच वार. ऊन डोक्यावर. तरी यास्मिन उठली, गेली, आली, बाटल्या पार केल्या, आणि शेवटच्या वळणावर फक्कीवरून पाय सटकला. हात टेकला, गुडघा खरचटला, पण थांबली नाही.

सतरा सेकंद नऊ.

अल्ताफभाईंचा विश्वास बसेना. स्टॉपवॉच हाती घेऊन उन्हात धरून पाहिले, पुसून पाहिले. मग विचारते जाहले, "सर, प्रॅक्टिस कुठं असती?"

"पुण्यात. दर रविवारी, सकाळी सातला."

"म्हंजे साडेपाचला निघाया लागंल."

येणेप्रमाणे यास्मिन, स्नेहल व आणखी दोघी ऐशा चौघींची फत्ते जाहली, मोहीम तडीस गेली. तरी हायवेच्या तमाम ट्रक, टेम्पो, जीपवाल्यांस कळावे की, शिवरे येथील पंक्चरचे दुकान यापुढे दर रविवारी दुपारपर्यंत बंद राहील. त्या दिवशी खिळे चुकवून चालवावे.