पायाखाली बघणारा मुकादम

तरुणपणी मी एका भल्या माणसाला चारचौघींत झापलं होतं, का तर तो माझ्या पायांकडे बघतो म्हणून. हसू नका. माझे पाय बघण्यासारखे आहेत असं तेव्हा माझं ठाम मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

लग्न होऊन मी केदारखेड्याहून जालन्यात आले आणि बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायला जाऊ लागले. पायात नवे पैंजण, डोक्यात शहराची हवा. रंगनाथमामा आमचे मुकादम. मी आले, उठले, वळले की त्यांची नजर माझ्या पायावर. शेवटी एक दिवस कमरेवर हात ठेवून मी सगळ्या बायांसमोर विचारलं, "काय हो मुकादम, कामून बघून राह्यले माझ्या पायाकडं?"

मामा म्हणाले, "पायाकडं न्हाई माय, पायाखाली बघून राह्यलो. भेंडीचं बी सांडलं हाय. हलू नको."

मी तोऱ्यात हलले आणि सपशेल उताणी पडले. मला वाटत होतं मुकादमाचा पाय घसरतोय, घसरला माझा. पैंजण तेवढे छान वाजले.

भेंडीचं बी तुम्ही भाजीत पाहिलं असेल. वाळलेलं बी घोटीव शहाबादी फरशीवर सांडलं की ते बी राहत नाही, पायाला लागलेलं चाक होतं. त्यात बाया पाणी प्यायला माठाकडे जाणार, ओले पाय घेऊन परत येणार. मामा दिवसभर खाली मान घालून फिरत. खांद्यावर फडका, कमरेला खराटा खोचलेला. "चोर परवडला, सांडलेलं बी न्हाई. चोर निदान पळून तरी जातो," हे त्यांचं वचन. एखादी बाई गप्पा मारत वर बघून चालली की लगेच ओरडत, "वर काय हाय? वर पंखा हाय! जमीन बघ, जमीन!"

खाली बघून बघून त्यांना माणसांचे चेहरे ओळखू येईनासे झाले होते. ते चपलांवरून माणूस ओळखत. एकदा साहेबांनी नवे बूट घातले तर मामांनी त्यांना दारातच अडवलं, "कोण पायजे?" साहेब म्हणाले, "अहो, मी!" मामा बुटांना म्हणाले, "मी म्हंजे कोण?"

माझ्या शेजारी गयाबाई बसायची. तोंडाची फटकळ, हाताची चपळ. तिच्या मुलाच्या लग्नाला आम्ही सगळे वडीगोद्रीला गेलो होतो. सून उंबऱ्यात आली, उजव्या पायानं तांदळाचं माप लवंडलं, तांदूळ आत पसरले. बाया गाणं म्हणणार एवढ्यात मामा खराटा घेऊन पुढे. "थांब पोरी, पाय टाकू नको! जल्दी झाडून घेतो!"

गयाबाई किंचाळली, "अहो मुकादम, लक्ष्मी घरात येऊन राह्यली अन् तुम्ही झाडू मारून राह्यले?"

"येऊ द्या की लक्ष्मी. पण पायावर येऊ द्या. कमरेवर आली तर बराबर दवाखान्यात जाईल."

लग्नाला जाताना त्यांनी खराटा सोबत का नेला होता, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

पुढच्या हंगामात मला दिवस गेले. त्याच सुमारास आमच्या ह्यांची लोखंडाची मिल बंद पडली आणि घरची चूल माझ्या एकटीच्या हजेरीवर आली. कारखान्यात रीत अशी, की बाईचं पोट दिसू लागलं की साहेब मोठ्या मायेनं म्हणणार, "आता आराम करा बाई," आणि उद्यापासून काम बंद. म्हणून मी लुगडं आवळून नेसायची, पदर ऐसपैस घ्यायची. बायांना संशय नको म्हणून चिंचेकडे ढुंकूनही बघत नव्हते. आपण केवढ्या हुशार, असं वाटायचं. हुशारीच्या बाबतीत माझी समजूत पायांसारखीच होती.

आणि अचानक मामा माझ्यामागे लागले. आधी माठ उचलून माझ्या जागेजवळ आणून ठेवला. मग सुपं भरून न्यायचं माझं काम गयाबाईला दिलं. एके सकाळी बघते तर दारापासून माझ्या जागेपर्यंत बारदानं अंथरलेली!

गयाबाई फिसकन हसली. "व्ह माय! मुकादमानं तुला पायघड्या घातल्या!"

झालं. माझ्या डोक्यात पुन्हा तीच जुनी हवा शिरली. मी फणकाऱ्यानं बारदानावरून न चालता कडेनं चालले. मामा मागून ओरडले, "बारदानावरून चाल! बिलकुल कडंनं जायचं न्हाई!"

दोन-चार दिवस असं चाललं. मग एकदा साहेब घाईघाईनं आत आले. बारदानाच्या कडेत त्यांच्या बुटाचं टोक अडकलं आणि साहेब आडवे! चष्मा एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला. कुणी हसलं नाही. हसू गिळताना गयाबाईला मात्र ठसका लागला.

साहेब उठले ते लालबुंद. "कुणी टाकलं हे? चालायच्या वाटेवर बारदान कशाला?"

मी मामांकडे बघितलं. पडण्याची एवढी भीती बाळगणारा हा माणूस, स्वतःच दुसऱ्याला पाडायची सोय कशी करून बसला? तेव्हा दिसलं, की मामा माझ्या पायांकडे बघत नाहीयेत. चुकूनही नाही. ते मान वर करून पंख्याकडे बघत होते. माझा हात आपोआप पोटावर गेला आणि डोक्यातली सगळी हवा एकदम निघून गेली. बारदानं माझ्या पोटासाठी होती. आता ते हे कारण सांगणार आणि आज संध्याकाळी माझं काम सुटणार.

मामा म्हणाले, "मी टाकलं साहेब. बी सांडलं व्हतं. झाडायचा कटाळा आला, म्हून वरून झाकून टाकलं."

गयाबाईचं सूप हवेतच थांबलं. रंगनाथमामांनी सांडलेलं बी झाकलं? किराणा दुकानदारानं आपणहून सांगावं की माझा काटा खोटा आहे, तसं ते ऐकू आलं. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांचे वाभाडे काढले. "लोकांना अक्कल शिकवता आणि स्वतः असली कामं करता? लाज वाटू द्या!" मी उठायला गेले, तसा मामांनी खांद्यावरचा फडका जोरात झटकला. मी बसले. मुकादमकी दुसऱ्याला गेली आणि हंगामभर मामांना पोती शिवायला बसवलं. ज्या बायांना ते ओरडायचे, त्या येता-जाता टोमणे मारायच्या, "काय मामा, शिवणीखाली काय झाकून राह्यले?" मामा दाभण चालवत राहायचे.

दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी गेले. विचारलं, "मामा, तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या पायावरून. आधी चवड्यावर नाचत यायचीस. आता टाच टेकवून, जपून येऊन राह्यलीस." दाभण थांबवून म्हणाले, "घरी सांगितलं न्हाईस अजून?"

"नाही, ह्यांना आणखी घोर नको म्हणून. पण मामा, एवढं खोटं कशाला बोललात? सगळ्यांसमोर तुमची इज्जत गेली."

ते पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलले.

"जाऊ दे माय. मी इज्जत घालवून गेलो काय अन् घेऊन गेलो काय, माझ्या घरी इचारणारं कुणी न्हाई. तू रिकाम्या हातानं गेली असतीस तर तुझ्या घरी इचारलं असतं."