कोळसंगीची रायशुमारी

कोळसंगीच्या कुस्तीच्या मैदानाचं काय करायचं ते रयतेला विचारून ठरवावं, असा हुकूम वरून आला, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी तो कागद आधी उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला काही खुलासा असेल असं त्यांना वाटलं. नव्हता. निजाम सरकारच्या अमलात रयतेला आजवर पुष्कळ काही सांगण्यात आलं होतं; विचारण्याची ही पहिलीच खेप. साल फसली तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसच्या आसपास.

मैदान म्हणजे गावाबाहेरची एक खोलगट जागा, मधोमध लाल मातीचा हौदा. जत्रेत दोन दिवस तिथे कुस्त्या होत. आता चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, भोवती भिंत आणि कुलपाचं फाटक बांधावं, असा बेत निघाला होता. आप्पाराव गुत्तेदार बांधा म्हणत होता, कारण बांधणार तोच होता. तालमीचा आणि एका दगडाच्या खाणीचा मालक बंडेप्पा बांधू नका म्हणत होता, कारण त्या मातीत त्याच्या आजोबांनी ताक आणि हळद मुरवली होती. गावातली निम्मी माणसं निम्म्या माणसांशी बोलत नव्हती.

रायशुमारीचं, म्हणजे घरोघर फिरून मतं लिहून आणायचं काम गुरुपादय्याकडे आलं. हा कचेरीतला बिनपगारी उमेदवार. सहा वर्षं रोज येऊन तो दुसऱ्यांचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवत होता आणि कायम होण्याची वाट बघत होता.

"देखो," साहेब म्हणाले, "एक चूल, एक घर, एक राय. घर में जिसकी चलती, उसीच की राय लिखना. ऐरेगैरे की नक्को. काम नेक हुआ तो तुमको कायम करतूं."

गुरुपादय्यात एक दोष होता. तो हुकूम पूर्ण वाचायचा आणि तसंच करायचा. कचेरीत सहसा एका माणसाकडे दोन्ही खोड्या नसत.

पहिलं घर बंडेप्पाचं. बंडेप्पा ओसरीवर मांडी घालून बसला होता. ती मांडी पाहून गुरुपादय्याने वही जरा छातीशी धरली.

"अप्पा, या घरात कुणाचं चालतंय?"

"कुणाचं म्हंजे? माझं!" बंडेप्पा गरजला. "लिव्ह! नि आता जेवूनच जा अय्या." एवढं म्हणून त्याने आतल्या दाराकडे पाहिलं.

"आज सोमवार हाय," आतून शांतम्माचा आवाज आला.

"आज जमत न्हाई, सोमवार हाय," बंडेप्पा म्हणाला.

गुरुपादय्याने दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं: घरची कर्ती, शांतम्मा.

"तुमची राय काय, अक्का?"

"पायऱ्या व्हाव्यात," शांतम्मा उंबऱ्यापर्यंत आली. "भिंत न्हाई, फाटक न्हाई. माती हाय तशी राहू द्या, ह्यांना लोळाया लागती. पर वरसाचं साडेतीनशे दिवस तिथं आमची तूर वाळती, कुरडया वाळत्यात. खाली पसरलं की शेळ्या खायलेत. दगडाला ऊन बी चांगलं लागतंय."

"अगं, मी इरोधात हाय ना?" बंडेप्पा म्हणाला.

"तुमी ऱ्हावा की. तुमाला कोण मना करायलंय?"

दुसऱ्या घरापासून गुरुपादय्याने सरळ विचारणं सोडलं. "अप्पा, तासाभरासाठी चावडीवर येता का?" एवढंच म्हणायचा आणि बघत राहायचा. उत्तर देण्याआधी माणूस ज्या दिशेला बघे, त्या दिशेचं नाव वहीत जाई. राघोबा एकटा होता, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. त्याने गोठ्याकडे पाहिलं. "धार काढायची येळ झाली, ती थांबंना," तो म्हणाला. गुरुपादय्याने म्हशीकडे एकदा नीट पाहिलं. मग त्याने लिहिलं: म्हैस, काळी. राय दिली नाही.

गुरुपादय्या राहत होता ती खोली नागव्वाच्या अंगणात होती. नागव्वाने ऐंशी पावसाळे पाहिले होते.

"अय्या, सरकार मला इचारायलंय?"

"व्हय, अव्वा."

"खरंच मला? माझ्या लग्नात बी कुणी इचारलं न्हवतं रे."

ती उठली, अंघोळ करून आली, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली आणि आधी वहीला हळदकुंकू वाहिलं. मग हात जोडून म्हणाली, "पायऱ्या व्हाव्यात. दक्षिणेकडच्या जरा रुंद."

त्या दिवसापासून वही रस्त्याने निघाली की पारावरची माणसं उठून उभी राहत. गावात प्रत्येक घरात एक माणूस असा होता, ज्याला सरकारने विचारलं होतं. त्याच्या चालण्यात फरक पडला होता.

मोजणी चावडीवर झाली. चुली दोनशे चौदा. पायऱ्या व्हाव्यात, एकशे सत्त्याण्णव. भिंतीला शून्य. फाटकाला शून्य. काहीच बांधू नये, सोळा. राय नाही, म्हैस एक. कोळसंगीत याआधी एकशे सत्त्याण्णव माणसांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याची नोंद नव्हती. बंडेप्पाने मिशीला हात लावला होता, तो तिथेच राहिला. आप्पाराव वर बघत बसला. तहसीलदारसाहेबांना वहीतली मराठी वाचता येत नव्हती, पण अक्षर बघून त्यांनी मान डोलावली आणि सही ठोकली. वही वर गेली.

वरच्या कचेरीत रायशुमारी कुणी वाचली नाही. तिथे फक्त घरच्या कर्त्याचा रकाना वाचला. महिन्याने वहीसकट खलिता आला आणि त्यामागोमाग छकड्यात बसून सुयांची पेटी घेतलेले डॉक्टर आले.

खलित्यात लिहिलं होतं: कोळसंगीत दोनशे चौदा घरांपैकी एकशे सत्त्याण्णव घरांत कर्ती बाई, यावरून तितके पुरुष दगावले हे उघड आहे. एवढी मोठी साथ येऊन कचेरीने कळवलं का नाही? आठवडी बाजार बंद करावा. कुणी पुरुष वाचला असल्यास घरच्या कर्त्याने डॉक्टरांसमोर त्याची ओळख पटवून अंगठा द्यावा. ज्याच्यासाठी अंगठा मिळणार नाही तो मयत धरून त्याची जमीन वारसाच्या नावे चढवावी.

"गुरुपादय्या," साहेब खुर्चीत बसले, "तू तो पूरा गाँव मार दिया रे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीसमोर पुरुषांची रांग लागली. शाईची गादी मध्ये, बायका पलीकडे. पहिला बंडेप्पा. डॉक्टरांनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं आणि शांतम्माला विचारलं, "हा इसम जिवंत आहे?"

"माणूस माझाच हाय," शांतम्मा म्हणाली. "जित्ता हाय का ते बघावं लागंल. पायऱ्यांचं काय मनतोय ते इचारा की."

"अगं, नाडी बघ म्हणावं माझी!"

"नाडी न्हाई. पायऱ्या."

बंडेप्पाने मागे पाहिलं. मागे सगळी रांग अदबीने उभी होती. आयुष्यात बारा जत्रांची कुस्ती मारलेला तो माणूस हळूच म्हणाला, "होऊ द्या."

"दगुड?"

"माझ्या खाणीतला घ्या."

"आता हाय जित्ता," शांतम्माने अंगठा उमटवला.

आप्पाराव गुत्तेदाराची बायको कमलबाई तर त्याला ओळखेचना. "फाटकाचं लाकूड आधीच आणून घरात भरलंय तुमी. त्याचं काय करायलाव?"

"तू मनशील ते."

"पोळपाट. घरटी एक."

आप्पाराव जिवंत झाला. दुपारपर्यंत डॉक्टरांनी असे एकशे सत्त्याण्णव पुरुष जिवंत होताना पाहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी उलटंच जास्त पाहिलं होतं. राघोबाची म्हैस आली, तेव्हा त्यांनी स्वतःच तिचा खूर शाईत बुडवून घेतला.

उरले सोळा. वहीत त्यांच्या घरी त्यांचंच नाव होतं, आणि महिनाभर ते बाजारातून छाती काढून फिरत होते. आता त्यांची ओळख पटवणार कोण? घरचे कर्ते तेच, अंगठा मिळेपर्यंत मयतही तेच, आणि मयताचा अंगठा सरकार घेत नाही. पंधरा जण घरी पळाले. दिवस मावळायच्या आत बायकांच्या हातापाया पडून, त्यांना कर्ती करून घेऊन आले.

सोळावा गुरुपादय्या. त्याची चूल वेगळी, खोलीत दुसरं माणूस नाही. वही त्यानेच लिहिली होती आणि हुकुमाप्रमाणे बरोबर लिहिली होती.

पंधरवड्याने वरून दुसरा कागद आला. साथीतून एका दिवसात एवढी माणसं वाचवणारी कचेरी दुसरी झाली नाही, तरी ज्याने वही ठेवली त्या उमेदवारास पगारासह कायम करावं. साहेबांनी तो कागद डोळ्यांना लावला. मग तो खाली ठेवून गुरुपादय्याकडे पाहिलं.

"करतूं रे. मगर तू तो कागद पे मयत है. मयत को कैसा कायम करना?"

गुरुपादय्या घरी आला आणि अंगणात बसून राहिला. नागव्वा कुरडया उलटत होती.

"कर्तीच लागती व्हय?" सगळं ऐकून ती म्हणाली. "मग रडायलास कामून? माझी नात निलम्मा हाय भालकीला. शाळा शिकलेली हाय. तिला इचारते."

"अव्वा, मला बी इचारा की."

"तुला कामून? तू मेलेला हाईस."

लग्न वैशाखात नव्या पायऱ्यांवरच झालं. तूर सकाळी उचलली होती, दगड अजून तापलेला होता, वऱ्हाड एका जागी फार वेळ बसत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गुरुपादय्या नवरीला घेऊन चावडीवर गेला. निम्मं गाव मागे. साहेबांनी नेमणुकीचा कागद उघडा करून ठेवला, वही पुढे केली आणि शाईची गादी सरकवली.

"अंगठा न्हाई," निलम्मा म्हणाली. "सही करते."

कोळसंगीच्या चावडीवर बाईने सही केल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी स्वतःचा टाक तिच्या हातात दिला. गर्दीत कुणीतरी पागोटं सावरलं.

"पर आधी वाचते," असं म्हणून तिने वही आपल्याकडे ओढली, पहिलं पान काढलं आणि एकेका नावाखाली बोट धरून वाचू लागली. चावडीवर पानाचा आवाज तेवढा येत होता. साहेब खुर्चीवरून कधी उठून उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. सूर्य डोक्यावर आला. गुरुपादय्या अजून मयतच होता, आणि निलम्मा तिसऱ्या पानावर होती.