फरक आढळला नाही

राखणदाराला गुंगीचं औषध पाजणारा माणूस चोर ठरत नाही, कारण त्याने घरातली वाटीसुद्धा हलवलेली नसते. सुधारलेल्या जगाचा कारभार याच तत्त्वावर सुरळीत चालतो.

माशाच्या अंड्यातल्या पिल्लाचं तेच. त्याच्या पेशीपेशीच्या दारात एक हमाल उभा असतो. विष आत शिरलं की बखोटीला धरून बाहेर काढतो. धुलाईचं नवं रसायन या हमालाचे हात बांधतं का, एवढंच तपासणी केंद्रातल्या बाईंना बघायचं होतं. वीस पिल्लं रसायनाच्या पाण्यात, वीस साध्या नळाच्या. दोघांनाही रंग पाजायचा. हमाल कामावर असला तर रंग बाहेर. नसला तर पिल्लू भिंगाखाली कंदिलासारखं चकाकतं.

रसायनातली वीसच्या वीस चकाकली. नळाच्या पाण्यातली एकोणीस. (विसावं मेलं होतं. मेलेल्याचं मत नियमाने धरत नाहीत.)

म्हणजे नळाच्या पाण्यातही हमालाचे हात आधीच बांधलेले होते. घरी लेक त्याच नळाचं पाणी पीत होती. साहेब मात्र खुलले. दोन्हीकडे सारखंच, म्हणजे रसायन निर्दोष. लिहा म्हणाले, फरक आढळला नाही.

"पण साहेब, नळाचं पाणीच..."

"बाई, तुम्हाला माशांसाठी ठेवलंय की गावासाठी?"

"गावात माझी पोरगी राहते."

"मग तिला रंग पाजू नका. चकाकणार नाही."

बाई सही करीनात. शेवटी त्यांचा शेरा परिशिष्ट नऊमध्ये बारीक अक्षरात घेतला, आणि अहवाल दाखल्यांच्या खिडकीशेजारी तीस दिवस टांगला. पाण्याबद्दल एका नागरिकाची जरी लेखी हरकत आली, तरी नळ तपासणं केंद्राला भाग होतं. (कर्मचारी हा नागरिक नव्हे, हे परिशिष्ट दोनमध्ये आहे.)

बाई रोज डबा तसाच ठेवून हरकतींची पेटी बघून यायच्या. एकोणतिसाव्या दिवशी एक कागद निघाला. बाईंनी तो उभ्याउभ्याच उघडला. हरकत अशी होती, की या अहवालामुळे स्वच्छतागृहाकडचा बाण झाकला जातो.

तासाभरात अहवाल काढला. दुसऱ्या दिवशी रसायन मंजूर झालं, जागरूक नागरिकांचे आभार मानले गेले.

बाई आता पाणी उकळून पितात. उकळून काही होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

हरकतीचा तो कागद त्यांनी जपून ठेवलाय. अक्षर छान आहे तुमचं.